काठी सगळ्यात शेवटी घ्या: मुंबईच्या किनाऱ्यावरून गळ टाकू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

नारळी पौर्णिमा झाली, पाऊस ओसरू लागला की ओळखीपाळखीतून एकच विचारणा सुरू होते: "मासे पकडायला जायचंय, रॉड कोणता घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. रॉड सगळ्यात शेवटी घ्या. आधी जागा ठरवा, मग दोरी, मग रील, आणि या तिघांना जो पेलेल तो रॉड. नवखा माणूस नेमका उलटा जातो. मोबाइलवर चकचकीत काठी बघतो, सोबत रील, दोरी, गळ, प्लास्टिकचे मासे आणि पिशवी असा सगळा संच फुकटात मिळाल्यासारखा वाटतो, आणि पहिल्याच रविवारी वांद्र्याच्या खडकात दोरी अडकली की रीलचा दांडा हातात येतो. पैसे गेले ते गेलेच, हौसही गेली.

कमी पैशात काम भागतं, याबद्दल शंका नको. चार हजारांत किनाऱ्यावरची मासेमारी व्यवस्थित सुरू करता येते. पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडायचा, एवढंच कळायला हवं.

आधी जागा

मुंबईचा किनारा एकसारखा नाही, त्यामुळे "मुंबईसाठी चांगला रॉड" असं काही नसतं. ढोबळमानाने तीन प्रकारच्या जागा आहेत.

पहिली खडकाळ: वांद्र्याचं बँडस्टँड, कार्टर रोड, हाजी अलीच्या आसपासचा भाग, वरळी. इथे पाण्याखाली काळा खडक आणि त्यावर कालवांचा थर. कालवाच्या शिंपल्याची धार इतकी की ताणलेली नायलॉनची दोरी नुसती घासली तरी कापली जाते. इथे मिळतात पालू, हेकरू, तांबोशी, शिंगाळा, कधी वाम. ही मंडळी गळ गिळली की थेट कपारीत घुसतात, म्हणून फार लांब फेकण्यापेक्षा माशाला पटकन वर ओढण्याची ताकद महत्त्वाची. कोस्टल रोडच्या भरावानंतर प्रियदर्शिनी पार्क ते वरळी या पट्ट्यातल्या जुन्या जागा बऱ्याच बदलल्या आहेत. दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलेला 'पॉइंट' आता रस्त्याखाली असू शकतो.

दुसरी वाळूची: जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई. उतार अगदी हळू, ओहोटीला पाणी कुठच्या कुठे जातं. लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या पलीकडे आमिष पोचवायचं तर लांब काठी लागते. मुडदुशी, ढोमा, नशीब असेल तर रावस, आणि पाकट. आक्सा बुडण्याच्या घटनांसाठी कुप्रसिद्ध आहे, तिथे पाण्यात उतरून फेकण्याचा विचारही करू नका.

तिसरी खाडी: मार्वे, मनोरी, गोराईची खाडी, वसईची खाडी, ठाण्याची खाडी. पाणी गढूळ, तळाला चिखल, काठाला खारफुटी. पावसाळ्याच्या आगेमागे खाडीच्या तोंडाशी जिताडा येतो आणि त्यासाठी जुने लोक रात्र रात्र बसतात. बाकी शिंगाळा, तांबोशी, बोय, आणि गळाला लटकून वर येणारी चिंबोरी. इथे लहान काठीही पुरते. मी नवख्याला खाडीच पहिली सुचवतो, कारण लाटा नसतात, फार लांब फेकावं लागत नाही आणि खडकाच्या मानाने गळ कमी तुटतात. जेट्टीवर मात्र बोटींच्या वेळा सांभाळाव्या लागतात. प्रवासी उतरत असताना तिथे गळ हलवणाऱ्याला शिव्या पडतात, आणि त्या रास्त असतात.

मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडचं, म्हणजे किनाऱ्याला टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचं काय, असं कोणी तरी विचारणारच. मासे आहेत तिथे. पण त्या काँक्रीटवर शेवाळ असतं, दोन टेट्रापॉडच्या मधल्या फटीत माणूस अख्खा आत जातो आणि वरून दिसतही नाही. पहिलं वर्ष तिकडे फिरकू नका. बंदराची आणि नौदलाची हद्दही टाळा, तिथे हौस म्हणून उभं राहण्याची सोय नाही. आणि पवई तलाव किनाऱ्यात येत नसला तरी विषय निघतोच, म्हणून सांगतो: तिथे महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशनचं सदस्यत्व लागतं, शिवाय तलावात मगरी आहेत.

मग दोरी

कोळी लोक जिला तंगूस म्हणतात ती नायलॉनची एकपदरी दोरी नवख्यासाठी सगळ्यात योग्य. दुकानात 'मोनो' म्हणून मागा. ०.३५ मिलिमीटर जाडीची घ्या. चांगल्या कंपनीची असेल तर पंधरा ते वीस पौंडांचा, म्हणजे सात-नऊ किलोंचा ताण ती सोसते. मुंबईच्या किनाऱ्यावर तुम्हाला लागणाऱ्या बहुतेक माशांना ती पुरून उरते.

दुकानदार विणलेली 'ब्रेडेड' दोरी दाखवेल. ती बारीक असते, लांब जाते आणि माशाने हलकं टोचलं तरी हाताला कळतं, हे सगळं खरं. पण खडकाला घासली की पटकन जाते, वाऱ्यात तिचा गुंता झाला तर सोडवण्याऐवजी कात्रीच चालवावी लागते, आणि अडकलेली दोरी हाताला गुंडाळून ओढली तर बोट कापतं. किंमतही नायलॉनच्या कितीतरी पट. फेकण्याचा हात बसला की मग घ्या.

गळाच्या आधीचा हातभर तुकडा मात्र जाड हवा, ०.६० मिलिमीटरचा. याला लीडर म्हणतात. कालवं आणि माशांचे दात यांच्याशी सामना याच तुकड्याचा होतो. मुख्य दोरी स्वस्तात स्वस्त घेऊ नका. बिनानावाच्या गुंडाळीवर छापलेली जाडी आणि ताकद यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. दीडशे मीटर पुरे. नवखा माणूस तीस-चाळीस मीटरच्या पुढे क्वचित फेकतो, आणि त्यापलीकडे मासा पळाला तर पळू द्यावा.

रील: इथे पैसे घाला

चार हजार रुपये हातात असतील तर साधारण अठराशे ते दोन हजार रीलला, बाराशे-तेराशे रॉडला, चारशे दोरीला, उरलेले गळ, शिसं, पक्कड वगैरे किरकोळीला, अशी वाटणी मी सांगतो. कारण सोपं आहे. काठीत हलणारा एकही भाग नाही. रीलमध्ये दातेरी चाकं, स्प्रिंग, बेअरिंग, वॉशर असं सगळं आहे, आणि मुंबईची खारी दमट हवा नेमकी तिथेच लागते.

प्रकार एकच बघा: स्पिनिंग रील, जी काठीच्या खाली लटकते. वर बसणारी बेटकास्टिंग रील नवख्याच्या हातात पहिल्याच फेकीला पक्ष्याचं घरटं करून ठेवते. आकार ४०००. रीलवरचे हे आकडे कंपनीनुसार थोडे इकडेतिकडे होतात, पण २५०० ही तलावासाठी आणि हलक्या कामासाठी, ६००० ही लांब काठीवर मोठ्या माशासाठी. मधली ४००० आपल्या कामाची. तिच्यावर ०.३५ ची दीडशे मीटर दोरी साधारण बसते.

जाहिरातीत १३+१ बेअरिंग असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. त्याला भुलू नका. हलक्या दर्जाची तेरा बेअरिंग म्हणजे गंजायला तेरा जागा. तीन-चार बरी बेअरिंग असलेली रील जास्त टिकते. त्याऐवजी स्पूल (दोरी गुंडाळली जाते ते चाक) ॲल्युमिनियमचं आहे का, ड्रॅगची (मासा ओढू लागला की दोरी सुटू देणाऱ्या व्यवस्थेची) चकती फिरवली की ताण हळूहळू वाढतो का, दोरी जिच्यावरून वळते ती छोटी चकती खरोखर फिरते का, हे पाहा. ही चकती अडकली की दोरी तिथेच घासून घासून मरते आणि दोष दोरीला लागतो.

शिमानो, दायवा, ओकुमा, पेन या कंपन्यांच्या तळातल्या मॉडेलांपासून सुरुवात करावी. शिमानोची एफएक्स, दायवाची क्रॉसफायर अशा रील दीड ते अडीच हजारांच्या आसपास मिळतात. पेनची पर्सूट खाऱ्या पाण्याला फारशी दाद देत नाही, पण थोडी महाग पडते. लुकाना या भारतीय ब्रँडचा आणि डेकॅथलॉनच्या कॅपरलॅनचा माल त्याहून स्वस्तात मिळतो. त्यात बरंवाईट दोन्ही आहे, हातात घेऊनच ठरवा. ऑनलाइन अर्ध्या किमतीत नामांकित कंपनीची रील दिसली तर ती बनावट असण्याचीच शक्यता धरून चाला.

दांडा डावीकडे की उजवीकडे? बहुतेक स्पिनिंग रीलचा दांडा काढून दुसऱ्या बाजूला लावता येतो. उजवखोऱ्या माणसाने काठी उजव्या हातात धरून डाव्याने फिरवावं. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होतं, मग सवय होते.

आता काठी

जागा, दोरी, रील ठरली की काठीचे पर्याय आपोआप गळून पडतात. खाडीला सात-आठ फूट, खडकाला आठ-नऊ फूट, वाळूच्या किनाऱ्याला दहा ते बारा फूट. एकच घ्यायची तर नऊ फूट, म्हणजे २.७ मीटर. खडकावर ती थोडी लांब, वाळूवर थोडी आखूड पडेल, पण दोन्हीकडे निभावेल.

काठीच्या बुडाशी बारीक अक्षरात फेकायचं वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. २०-६० किंवा ३०-८० असं काही असलेली घ्या. आपण चाळीस ते साठ ग्रॅमचं शिसं फेकणार, वर आमिषाचं वजन. ५-२० लिहिलेल्या काठीने ते फेकलंत तर टोक दोरीबरोबर समुद्रात जाईल. आणि वजन छापलेलंच नसेल तर ती काठी परत ठेवा.

फायबरग्लास की कार्बन? कमी पैशात फायबरग्लास किंवा दोन्हींचं मिश्रण. फायबरग्लास जड असतं, हात दुखतो, पण खडकावर आपटलं, लोकलच्या दारात चेपलं तरी सोसतं. स्वस्त कार्बनला एक टवका उडाला की ती काठी कधी तुटेल याचा भरवसा नाही. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. आपल्या लोकलच्या डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. काठी कसलीही असो, फलाटावर किंवा पुलावर ती कधीही जोडायची नाही, उघडायची नाही. ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट सुरू झाला तरी तेच: काठी खाली ठेवा आणि किनारा सोडा.

टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणारी काठी, मुंबईकराला मोहात पाडते कारण ती सॅकमध्ये मावते. दोन तुकड्यांची नऊ फुटी काठी बंद केली तरी साडेचार फुटांची राहते, आणि सकाळच्या गर्दीत ती घेऊन चढणं हा एक वेगळाच खेळ आहे. तरीही माझा कौल दोन तुकड्यांच्या काठीलाच. टेलिस्कोपिकच्या सांध्यात वाळूचे दोन कण गेले की ती उघडत नाही किंवा मिटत नाही, आणि सरकणारे तुकडे फिरले की दोरी ज्यांतून जाते त्या कड्या एका रेषेत राहत नाहीत. ज्यांना ऑफिसमधून परस्पर किनाऱ्यावर जायचंय त्यांनी ती घ्यावी, पण वाळूवर आडवी ठेवायची नाही ही शपथ घेऊन. बाकीच्यांनी पहिल्या लोकलने जावं, रॅकवर जागा असते.

दुकानात उभं राहून काय तपासायचं

जाताना खिशात कापसाचा एक बोळा ठेवा. दुकानदार हसेल, हसू द्या. काठीवरच्या प्रत्येक कडीच्या आतून तो बोळा गोल फिरवायचा. कडीत आतल्या बाजूला सिरॅमिकचं कडं असतं. त्याला डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर कापसाचे तंतू तिथे अडकून लोंबतात. तीच चीर तुमची दोरी प्रत्येक फेकीला सोलणार असते. टोकाची कडी विशेष निगुतीने तपासा, वाहतुकीत मार तिलाच बसतो. माझ्या पाहण्यातल्या निम्म्याअधिक "दोरीच खराब निघाली" या तक्रारींचं मूळ टोकाच्या कडीत सापडलेलं आहे.

मग काठी जोडून बुडाकडून एक डोळा मिटून बघा. सगळ्या कड्या एका रेषेत दिसायला हव्यात. सांधा जोडताना घट्ट बसला पाहिजे आणि हलवल्यावर टकटक आवाज येता कामा नये. टोक हाताने धरून वाकवायचं नाही, तसं केल्याने चांगली काठीही मोडते. वरच्या पंख्याकडेही लक्ष असू द्या.

रील तिथेच काठीवर चढवून बघा. रील सीटमध्ये, म्हणजे काठीवरच्या रील बसवायच्या जागेत, ती डगमगत असेल तर तो जोड नको. दांडा अगदी सावकाश फिरवा, कान रीलजवळ नेऊन. जोरात फिरवलेली रील सगळीच गोड लागते, खरखर हळू फिरवतानाच ऐकू येते. दांडा पुढे-मागे हलवून किती ढिला आहे ते पाहा. केसभर चालेल, बोटभर नाही.

जुनी काठी कोणी देत असेल तर खुशाल घ्या, वरची तपासणी करून. जुनी रील मात्र समुद्रावर वापरलेली असेल तर फुकट मिळाली तरी दोनदा विचार करा.

आणि खिसा अगदीच हलका असेल तर? हातदोरी. एका रिकाम्या बाटलीवर किंवा लाकडाच्या तुकड्यावर पन्नास मीटर तंगूस, शिसं आणि गळ. खाडीच्या जेट्टीवर कित्येक जाणती माणसं आजही एवढ्यावरच मासे काढतात, आणि शेजारी पंधरा हजारांची काठी घेऊन बसलेला रिकाम्या हाताने परततो. मासा आमिषाशी खेळतोय की गिळतोय हे बोटाला शिकवायला हातदोरीइतकी चांगली शाळा नाही.

दोरी भरणं आणि ड्रॅग लावणं

दोरी स्पूलवर भरताना ओल्या फडक्यातून चिमटीत धरून भरा, ढिली भरली तर फेकताना वेटोळीच्या वेटोळी सुटतात. काठापासून दोनेक मिलिमीटर खाली थांबायचं. कमी भरली तर लांब जात नाही, काठोकाठ भरली तर गुंता.

ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी तुटण्याआधी सुटू देणारी व्यवस्था. ती दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावतात. आपल्या दोरीला दोन किलोंच्या आसपास. काटा नसेल तर दोन लिटरची बाटली पाण्याने भरा, दोरी तिच्या मानेला बांधा आणि रील हातात धरून ती उचलू पाहा. बाटली जमिनीवरून उठता उठता दोरी किरकिर करत सुटू लागली की ड्रॅग जागेवर आहे. समुद्रावर मासा लागल्यानंतर ती चकती पिळत बसू नका. दहापैकी आठ मासे त्या पिळण्यातच जातात.

गळ, शिसं, आमिष

गळांचे आकडे आधी डोक्यात बसत नाहीत. ६ नंबरचा गळ ४ पेक्षा लहान, ४ नंबरचा १ पेक्षा लहान, पण १/० च्या पुढे उलटं: २/० हा १/० पेक्षा मोठा. मुडदुशीला ६ किंवा ८, पालू-शिंगाळ्याला १/०, जिताड्याला ३/० च्या पुढे. तिन्ही प्रकारचे एकेक पाकीट घ्या. गोल वळणाचा सर्कल हुक बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात लागतो. पिल्लू लागलं तर इजा न करता सोडता येतं. राज्य सरकारने बऱ्याच माशांसाठी किमान कायदेशीर आकार ठरवून दिले आहेत. कायद्याचं सोडा, वीतभर तांबोशी घरी नेऊन कोणाचं पोट भरत नाही.

जोडणी साधी ठेवा. मुख्य दोरीत भोकाचं शिसं ओवा, मग एक मणी, मग स्विव्हल, म्हणजे दोन टोकांना कड्या असलेली फिरती जोडणी. स्विव्हलच्या दुसऱ्या टोकाला लीडर, त्याच्या टोकाला गळ. दोरी गळाच्या नेढ्यातून ओवून पाच-सहा वेढे द्यायचे, टोक पहिल्या फासातून काढायचं, थुंकीने ओलं करायचं आणि मगच आवळायचं. कोरडी गाठ आवळताना तापते आणि तिथेच कच्ची राहते.

खडकावर शिसं जाणारच. म्हणून तिथे शिसं मुख्य दोरीत न ओवता बारीक, कच्च्या दोरीच्या तुकड्याने स्विव्हलच्या वरच्या कडीला लोंबतं बांधा. अडकलं की तेवढंच तुटतं, मासा आणि गळ परत येतात. शिशाच्या जागी गॅरेजमधले निकामी स्पार्क प्लगही चालतात. मेकॅनिक मूठभर असेच देऊन टाकतो.

आमिषासाठी दुकानात जायची गरज नाही, बाजारात जा. "मावशी, गळाला लावायला हवंय" एवढं सांगितलं की कोळीण बारीक कोळंबी नाही तर माकुल काढून देते, आणि कुठे जाणार ते विचारून तिथे हल्ली काय लागतंय तेही सांगते. ही माहिती आमिषापेक्षा मोलाची. कोळंबी शेपटीकडून गळावर चढवायची, वळणाला वळण जुळवून. लहान मासे टोचून टोचून ती पळवतात. तसं होऊ लागलं की माकुलाची पट्टी लावा, ती चिवट असते. उरलेल्या बांगड्याच्या पट्ट्या मिठात घालून ठेवल्या तर पुढच्या आठवड्यालाही होतात. फ्रीजमध्ये कुठे ठेवायच्या हे घरी विचारून ठरवा. गळावर आमिष पक्कं राहावं म्हणून शिवणाच्या दोऱ्याचे चार वेढे पुरतात.

कधी जायचं

मुंबईत भरतीची वेळ काढायला कालनिर्णय पुरतं. तिथीची पाऊणपट करा. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमाराला भरती पूर्ण, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पाणी चढू लागल्यापासून भरती पूर्ण होऊन उतरू लागेपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी इतकं ओढतं की साठ ग्रॅमचं शिसं तळाला टिकत नाही, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, पाणी जेमतेम हलतं. म्हणून मला दशमी-एकादशी-द्वादशीची सकाळ आवडते. एकादशीला घरात मासे चालत नसतील तर द्वादशी धरा, नऊला भरती.

पावसाळ्यात, जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. हौशी माणसानेही ते दोन महिने खुल्या समुद्राकडे पाठ फिरवावी. ऑक्टोबर ते मे हा आपला काळ. खडकावर जाताना ओहोटीला आत शिरायचं नाही. परतीची वाट भरतीत आधी बुडते आणि पाठीमागून पाणी आलेलं कळत नाही.

फेकण्याआधी मागे बघा, दर वेळी. कार्टर रोडला आणि वरळीला पाठीमागून सकाळचे फिरणारे जात असतात. पायात रबरी तळाचे बूट हवेत, चप्पल नको. लांब तोंडाची पक्कड सोबत हवीच. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन विषारी काटे असतात, पाकटाच्या शेपटीवरही असतो. काटा बोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. गणपतीच्या दिवसांत गिरगाव-दादर चौपाटीवर पाकट आणि जेलीफिश किनाऱ्याजवळ येतात, महापालिका दर वर्षी सूचना काढते. फुग्यासारखा फुगणारा केंड लागला तर गळ कापून सोडून द्या, तो खायचा नसतो. आणि माहीमच्या खाडीत मिठी नदीच्या तोंडाशी पकडलेला मासा मी तरी खात नाही.

घरी आल्यावर

स्वस्त रील वर्षभर चालणार की चार वर्षं, हे इथे ठरतं. घरी आल्या आल्या, आंघोळीच्याही आधी, ड्रॅग पूर्ण आवळा म्हणजे आत पाणी जाणार नाही. रील आणि काठी नळाच्या हलक्या धारेखाली धरा. जोराचा फवारा मारू नका, तो मीठ आत ढकलतो. बादलीत बुडवूनही ठेवायचं नाही. फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, आणि वाळल्यावर ड्रॅग ढिला करून ठेवा, नाहीतर आतले वॉशर दबून बसतात.

पंधरवड्यातून एकदा दोरीच्या चकतीवर आणि दांड्याच्या सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. खोबरेल तेल नाही, ते थंडीत थिजतं आणि धूळ धरतं. गंज सुटायला मारतात तो स्प्रेही वंगण म्हणून वापरू नका, तो आतलं ग्रीस धुऊन काढतो. काठीच्या कड्यांच्या पायथ्याशी मिठाची पांढरी रेघ दिसते ती जुन्या टूथब्रशने घासा. टेलिस्कोपिक काठी पूर्ण उघडून वाळवा, ओली मिटलीत तर पुढच्या रविवारी ती उघडायला दोन माणसं लागतील.

पुढच्या वेळी निघताना दोरीचा शेवटचा दीड-दोन मीटर भाग नखांमधून ओढून बघा. कुठे खरखरीत लागला तर तेवढा कापून टाका आणि नवी गाठ मारा. गळांची टोकं पाण्यात एकदा गेली की गंजतात, वापरलेले गळ कोऱ्यांच्या पाकिटात परत टाकू नका, सगळं पाकीट जातं.